चीक वाळायला वेळ लागतो

शनिवारची दुपार, एक लांब टेबल, दहा-बारा माणसं आणि प्रत्येकापुढं एक फुटलेली बशी. शहर लंडन असेल, सिंगापूर असेल, न्यूयॉर्क असेल; अलीकडं मुंबई किंवा बंगळूरही असू शकेल. काही ठिकाणी बशी आधी फुटलेली नसतेच. ती फडक्यात गुंडाळून हातोडीनं हलकेच फोडायची, इथपासून सुरुवात. मग दोन नळ्यांमधलं इपॉक्सी कालवायचं, त्यात सोनेरी पूड मिसळायची आणि तुकडे जोडायचे. दोन तासांत बशी तयार, सांध्यांवर सोनेरी रेघा, फोटोही काढून झालेले. घरी जाताना प्रत्येकाला वाटतं, आपण किंत्सुगी शिकलो.

किंत्सुगी म्हणजे सोन्याची जोडणी. नाव असं असलं तरी या जपानी रीतीत सोनं काहीच जोडत नाही. जोडतो तो उरुशी नावाच्या झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. ज्याच्या अंगावर कधी बिब्बा उतला आहे, त्याला उरुशीची वेगळी ओळख करून द्यायला नको. कच्चा चीक कातडीला लागला की खाज, पुरळ आणि फोड ठरलेले. नवशिका कारागीर हा प्रसाद घेऊनच पुढं जातो. या चिकात गव्हाचं पीठ मळून त्याची खळ करायची, तिनं तुकडे जोडायचे आणि भांडं ओलसर हवेच्या कपाटात ठेवून द्यायचं. जपानीत या कपाटाला ‘मुरो’ म्हणतात. उरुशी कोरड्या हवेत वाळत नाही. तिला घट्ट व्हायला दमटपणा लागतो; कोकणातल्या आषाढात पापडांना बुरशी आणणारी हवा तिला मानवते. आठवड्या-दोन आठवड्यांनी सांधा पक्का झाला की खाचा भरायच्या, घासायच्या, पुन्हा चिकाचा हात द्यायचा, पुन्हा थांबायचं. सोन्याची पूड भुरभुरवायची ती अगदी शेवटी. एका वाटीला एक ते तीन महिने सहज लागतात.

आता प्रश्न असा, की दोन तासांच्या त्या कार्यशाळेला काय म्हणायचं? जपानी हस्तकला परदेशात शिकवणाऱ्यांमध्ये यावरून कायमची तेढ आहे. एक बाजू म्हणते, ही फसवणूक आहे. दुसरी म्हणते, लोकांच्या अंगावर फोड आणून कुठली कला जगेल? दोघांचंही अर्धंच खरं आहे. सुट्टीच्या दिवशी हौसेनं आलेल्या माणसाला खाजऱ्या चिकात हात घालायला लावणं योग्य नाही, आणि तीन महिने तो येणारही नाही. इपॉक्सी वापरावंच लागेल. तक्रार एवढीच, की ते इपॉक्सी आहे, ही पूड बहुधा पितळेची आहे आणि मूळ रीत निराळी आहे, हे सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरी बऱ्याच ठिकाणी ती दोन मिनिटं अपूर्णतेच्या सौंदर्यावरच्या प्रवचनात जातात.

दोन तासांच्या हौशी बैठकीला नाक मुरडण्याआधी मात्र एक जुनी गोष्ट आठवावी. बर्नर्ड लीच हा इंग्रज तरुण १९०९ मध्ये जपानला गेला तो शिकायला नव्हे, शिकवायला. धातूच्या पत्र्यावर कोरून चित्रं छापण्याची कला तो तिथं शिकवणार होता. १९११ मध्ये मित्रमंडळींच्या एका बैठकीत त्याच्या हातात तयार भांडं आणि कुंचला देण्यात आला. भांड्यावर चित्र काढायचं, ते झिलईत बुडवायचं आणि छोट्या भट्टीत घालायचं. तासाभरात लालबुंद भांडं चिमट्यानं बाहेर निघालं. ‘राकू’ पद्धतीच्या भाजणीची ती करमणूक होती. आजच्या भाषेत, कार्यशाळाच. लीचचं आयुष्य त्या तासाभरात बदललं. पण बदललं म्हणजे काय झालं? तो गुरू शोधायला निघाला, ओगाता केन्झान या परंपरेच्या सहाव्या वारसाकडं शिकला आणि पुढची नऊ वर्षं मातीत हात घालून बसला. त्या बैठकीनं त्याला कुंभार केलं नाही. तिनं त्याला कुंभाराच्या दारापर्यंत नेऊन सोडलं, आणि चांगल्या कार्यशाळेकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

१९२० मध्ये लीच इंग्लंडला परतला तेव्हा त्याच्यासोबत शोजी हामादा हा तरुण जपानी कुंभार होता. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावी दोघांनी भट्टी उभारली. उतारावर एकाला लागून एक कप्पे, खालच्या कप्प्याची धग वरच्यात जाणारी अशी ‘नोबोरिगामा’. पाश्चात्त्य जगातली अशी ती पहिलीच. अडचणी लगेच समोर आल्या. ही भट्टी लाकडावर चालणारी आणि कॉर्नवॉलमध्ये झाडांचा दुष्काळ. मनासारखी माती शोधण्यातही महिने गेले. पहिली भट्टी नीट साधली नव्हती. शेवटी क्योतोजवळच्या उजी गावच्या कुंभार घराण्यातला त्सुरुनोसुके मात्सुबायाशी १९२२ मध्ये आला आणि त्यानं भट्टी नव्यानं बांधून दिली. तो नुसता भट्टी बांधून थांबला नाही. माती, झिलई, उष्णता यांमागचं शास्त्र त्यानं तिथल्या मंडळींना समजावून सांगितलं.

हे समजावून सांगणं महत्त्वाचं, कारण जपानमध्ये ते होत नसे. तिथला शिष्य झाडलोट करायचा, माती मळायचा, गुरूच्या हाताकडं बघत वर्षं काढायचा. विद्या दिली जात नाही, नजरेनं चोरावी लागते, अशी तिथली समजूत. आपल्याकडच्या जुन्या उस्तादांच्या गोष्टी ऐकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. परदेशात ही पद्धत पहिल्याच दिवशी कोलमडते. समोरचा माणूस विचारतो, “असंच का?” आणि शिक्षकाला, बहुधा आयुष्यात प्रथमच, उत्तर शोधावं लागतं. परदेशात शिकवण्यानं जपानी कलांचं काय बिघडलं याची चर्चा खूप होते. हाताला ठाऊक असलेली गोष्ट जिभेवर आणायला त्या शिकवण्यानं शिक्षकांना भाग पाडलं, या लाभाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

या लाभाचं सर्वांत मोठं उदाहरण कागदाचं आहे. आकिरा योशिझावा यांचा जन्म १९११ चा, शेतकरी घरातला. लहान वयातच ते टोकियोच्या कारखान्यात कामाला लागले. पुढं नव्या कामगारांना भूमिती शिकवायची वेळ आली तेव्हा ती त्यांनी कागदाच्या घड्या घालून शिकवली. नोकरी सोडून ओरिगामीला वाहून घेतल्यावर दारोदार खाद्यपदार्थ विकून दिवस काढले. १९५२ मध्ये एका सचित्र नियतकालिकासाठी त्यांनी राशिचक्रातले बारा प्राणी कागदातून घडवले आणि देशभर नाव झालं. पण त्यांचं खरं मोठेपण १९५४ च्या पुस्तकात आहे. त्यात त्यांनी घड्यांची लिपी वापरली: आत जाणाऱ्या घडीला एक तऱ्हेची तुटक रेघ, बाहेर येणाऱ्या घडीला दुसऱ्या तऱ्हेची, आणि कागद कुठं न्यायचा ते दाखवणारे बाण. पुढच्याच वर्षी त्यांच्या कलाकृती आम्सटरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात मांडल्या गेल्या. सॅम्युअल रँडलेट या अमेरिकी लेखकानं ती लिपी थोडी सुधारून घेतली आणि आज जगात कुठंही ओरिगामीचं पुस्तक उघडा, रेघा आणि बाण तेच असतात. जपानी भाषेचं एक अक्षर न कळता पुस्तकातून बगळा घडतो. पुढं जपानच्या परराष्ट्र खात्यानं योशिझावांना सांस्कृतिक दूत म्हणून देशोदेशी पाठवलं, तेव्हा त्यांच्या आधी त्यांचे बाण तिथं पोचलेले असत.

मराठी वाचकाला इथं विष्णु नारायण भातखंडे आठवतील. मुंबईच्या या वकिलानं उस्तादांच्या गळ्यात अडकलेल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून छापल्या, तेव्हा कागदावरून कुठं गाणं येतं का, अशी टीका झालीच. टीका खोटी नव्हती. लिपीतून गायकी येत नाही आणि बाणांतून योशिझावांचा हात येत नाही. ओलसर कागदातून मूर्तीसारखे उंचसखल आकार काढण्याची त्यांची किमया कुठल्याच रेघेत मावत नाही. पण लिपी नसती तर बंदिश आणि बगळा दोन्ही चार भिंतींत राहिले असते. अनिल अवचटांच्या बोटांतून कागद कसा आकार घ्यायचा, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी पाहिलंय. ‘मजेदार ओरिगामी’ हे त्यांचं पुस्तक घेऊन बसलेलं मूल टोकियोतल्या त्या कारखान्याशी जोडलं जातं, ते या लिपीमुळं.

‘अस्सल जपानी’ या शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांची ओरिगामीपाशीच पंचाईत होते. घड्या घालण्याची जुनी जपानी परंपरा आहे यात शंका नाही. पण बालवाडीत कागद दुमडायला शिकवण्याची पद्धत जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल याची, आणि १८७६ मध्ये टोकियोत बालवाडी सुरू झाली तेव्हा ती जपानात पोचली. दोन्ही प्रवाह मिसळले आणि आजची ओरिगामी घडली. त्याच फ्रोबेलच्या कागदांवरून स्फूर्ती घेऊन टी. सुंदर राव यांनी घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं आणि ते १८९३ मध्ये मद्रासमध्ये छापलं गेलं. जर्मनी, जपान, मद्रास. हस्तकलेचं पारपत्र तपासायला बसलं की असे शिक्के निघतात.

मग परदेशात शिकवताना जपायचं काय? नक्षीचा नमुना नव्हे, तर नमुन्यामागचं कारण. आज नागोया शहरात सामावलेल्या अरिमात्सु गावाची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. १६०८ मध्ये वसलेलं हे गाव एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाणाऱ्या हमरस्त्यावर होतं. वाटसरूंना विकायला गावानं बांधून रंगवलेली कापडं केली आणि ‘शिबोरी’ हा गावाचा धंदा झाला. शिबोरी म्हणजे पिळणं, आवळणं. आपल्या बांधणीची लांबची बहीण. बांधण्याच्या शंभरेक तऱ्हा, पण एका माणसाला साधारण एकच तऱ्हा येणार. कापड एका घरून दुसऱ्या घरी जायचं. त्यामुळं सगळी विद्या गावात होती आणि पूर्ण कुणापाशीच नव्हती.

योशिको वाडा या जपानी कलावतीनं १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथं शिबोरीचे वर्ग सुरू केले, तेव्हा तिला हे विखुरलेलं गोळा करावं लागलं. १९८३ मध्ये दोघी सहलेखिकांसोबत तिनं शिबोरीवरचं मोठं इंग्रजी पुस्तक काढलं. कुठला दोरा कुठं आवळला की रंग कुठं अडतो, हे त्यात उलगडून दाखवलं होतं. कारण कळल्यावर विद्यार्थी नमुन्यांच्या नकला करत बसले नाहीत. रेशीम, लोकर, नवे धागे, जे हाती आलं ते बांधून पाहू लागले. १९९२ मध्ये शिबोरीचं पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन नागोयात भरलं आणि दुसरं अहमदाबादला. बांधणी करणाऱ्यांच्या मुलखात. वाडा यांनी सुरुवातीपासूनच शिबोरीला जपानची मिरास म्हणून मांडलं नाही, जगभरच्या बांधून रंगवण्याच्या कुळातलं एक घराणं म्हणून मांडलं. परदेशी शिकवणाऱ्यानं यजमान देशाच्या कारागिराकडं कसं पाहावं, याचा हा धडा आहे. आणि यात अरिमात्सुचं नुकसान झालं नाही. त्याच गावच्या शिबोरी घराण्यातल्या हिरोयुकी मुरासे यांनी २००८ मध्ये जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला, ‘सुझुसान’ सुरू केलं. जर्मनीत बेतलेल्या शाली आणि दिवे अरिमात्सुतच बांधून रंगवले जातात.

सेंट आइव्ह्जचीही वाट अशीच लांब गेली. १९२३ मध्ये तिथं शिकायला आलेला मायकेल कार्ड्यू पुढं आफ्रिकेत गेला आणि १९५०च्या दशकात नायजेरियात त्यानं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्र चालवलं. तिथं आलेली लादी क्वाली ही बाई आधीच नामांकित कुंभारीण होती. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून, स्वतः भांड्याभोवती फिरत ती रांजण घडवायची. नव्या केंद्रातून तिनं झिलई आणि उच्च तापमानाची भाजणी घेतली, रांजण मात्र आपल्याच रीतीनं घडवले. आज नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर तिचं चित्र आहे. जपानी भट्टीचं ज्ञान कॉर्नवॉलमार्गे आफ्रिकेत पोचलं आणि शिकणारीनं हवं तेवढंच उचललं.

याच्या अगदी उलट व्यवहार सध्या साशिकोचा चाललाय. गडद निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा, त्यातून चौकटी, लाटा, तारे. मन शांत करणारं भरतकाम म्हणून युरोप-अमेरिकेत त्याचे वर्ग भरतात, तयार संच विकले जातात. शांतता लाभत असेलही. पण साशिको जन्मली ती थंडीतून आणि गरिबीतून. उत्तर जपानात कापूस पिकत नाही. त्सुगारु संस्थानात अठराव्या शतकात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायलाही मनाई होती. गोठवणाऱ्या हिवाळ्यात तागासारख्या विरविरीत कापडाची भोकं बुजवायची, चिंध्यांवर चिंध्या शिवायच्या, एवढाच त्या टाक्यांचा हेतू. अशा ठिगळांच्या कपड्यांना ‘बोरो’ म्हणतात, म्हणजे लक्तरं. चुझाबुरो तानाका या संग्राहकानं उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातल्या खेड्यांतून ती गोळा केली, तोवर तिथल्या घरांना ती लपवण्यासारखी वाटत. आज त्याच लक्तरांची नक्कल महागड्या जाकिटांवर असते.

महाराष्ट्रातल्या बाईला हे समजायला वर्गाची गरज नाही. जुनेरं एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं शिवलेली गोधडी किंवा वाकळ तिच्या घरात असते. टाका तोच, गरजही तीच. साशिकोची शिक्षिका पुण्यात किंवा कोल्हापुरात आली तर तिनं पहिल्या तासाला काही शिकवूच नये. समोरच्या बायकांना आपापल्या गोधड्या आणायला सांगाव्यात. उभे-आडवे टाके मोजताना जी बोलणी होतील, त्यात साशिको आपोआप येईल. गरिबीचा उल्लेख गाळून कला शिकवली की हाती नक्षी उरते, तो टाका तिथं का पडला हे समजत नाही.

आणखी एक मुद्दा पैशाचा. जपाननं पारंपरिक हस्तकलांसाठी १९७४ मध्येच खास कायदा केला. २४० हून अधिक कलांना त्याखाली मान्यता मिळाली. तरी १९७० च्या दशकाच्या अखेरीस या धंद्यांत जवळपास २ लाख ९० हजार लोक होते, ते २०१६ पर्यंत साधारण ६० हजारांवर आले. जगभर कार्यशाळांना गर्दी आणि मूळ गावात कारागीर घटतायत, हे दोन्ही एकाच काळात घडतंय. उरुशीचंच बघा. झाड दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, एका हंगामात खाचा पाडून त्याचा चीक काढायचा. मिळतो जेमतेम २०० ग्रॅम. मग झाड तोडायचं. जपान वापरतो त्यातला ९० टक्क्यांहून अधिक चीक बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतो. इपॉक्सीच्या नळीतला एकही पैसा खाचा पाडणाऱ्यापर्यंत जात नाही.

त्यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. शिकवणाऱ्यानं पहिल्या पाच मिनिटांत साहित्य, वेळ आणि मूळ गाव, या तीन गोष्टी खऱ्या सांगाव्यात. वर्गात वापरायला बदली साहित्य असू दे, पण टेबलावर खऱ्या उरुशीचा एक तुकडा, खऱ्या हातकागदाचा एक ताव ठेवावा, लोकांना हात लावून बघू द्यावा. ज्याला पुढं जायचंय त्याच्यासाठी वाट दाखवलेली असावी: कुठल्या कारागिराकडून साहित्य मागवता येतं, लांब मुदतीचा वर्ग कुठं आहे. टिमथी बॅरेट हा अमेरिकी कागद-कारागीर १९७५ ते १९७७ जपानमध्ये शिकला आणि परतल्यावर आयोवा विद्यापीठात त्यानं जपानी हातकागद शिकवला. त्यासाठी लागणारं कोझो हे झुडूपही आयोवात लावलं. सगळ्यांनी तेवढं करावं असं नाही. पण कागद झाडापासून होतो आणि ते झाड कुणीतरी लावतं, एवढं तरी विद्यार्थ्याला कळायला हवं.

परदेशात राहणाऱ्या जपानी शिक्षिकांवर याचं ओझं जास्त पडतं, हेही मान्य करायला हवं. अनेकींनी ही कला माहेरी हौस म्हणून शिकलेली असते, आणि परक्या शहरात अचानक त्यांना अख्ख्या देशाच्या प्रतिनिधी म्हणून उभं केलं जातं. त्यांच्याकडून तत्त्वज्ञानाची अपेक्षा करणं आयोजकांनी सोडावं. आजी कशी शिवायची, गावात काय वापरायचे, हे त्यांनी सांगितलं तरी ते कुठल्याही प्रवचनापेक्षा उपयोगाचं आहे.

तेव्हा पुण्या-मुंबईत किंत्सुगीच्या कार्यशाळेची जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी एकच विचारावं: जोडायला काय वापरणार? उत्तर ‘उरुशी’ आलं तर हातमोजे न्यावेत आणि तीन महिने मोकळे ठेवावेत. उत्तर ‘इपॉक्सी’ आलं तरी खुशाल जावं, बशी जोडावी, भिंतीवर लावावी. फक्त त्या बशीत चहा ओतून पिऊ नये. बहुतेक इपॉक्सी खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी नसतं, आणि हे कार्यशाळेतच सांगायला हवं.